४० लाखांचं चित्र आणि उडालेली झोप

घरातली एखादी जुनी वस्तू मौल्यवान निघाली आणि त्या दिवसापासून घराचं स्वास्थ्य हरवलं, अशी तक्रार घेऊन येणारी माणसं अधूनमधून भेटतात. कुणाकडे आजोबांची नाणी असतात, कुणाकडे पणजीची पैठणी, आणि अलीकडे चित्रं. एम. एफ. हुसेन यांचं १९५४ सालचं 'ग्रामयात्रा' मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटींना गेलं. ते कित्येक वर्षं ओस्लोच्या एका रुग्णालयात टांगलेलं होतं. ही बातमी मोबाइलवरून फिरली आणि आमच्या लातुरातही लोक आपापल्या भिंतींकडे नव्याने पाहायला लागले. मी समुपदेशक आहे. माझ्याकडे येणाऱ्यांचा प्रश्न साधारण एकच असतो: विकावं की ठेवावं? आणि विकलं तर वाडवडिलांचा अपराध होतो का?

बहुतेकांच्या घरातलं चित्र छापील निघतं. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी गेल्या. वर वार्निश असल्यामुळे त्या हुबेहूब तैलचित्रासारख्या दिसतात, भिंगाखाली धरल्या की रंगाचे ठिपके दिसतात. अशा कुटुंबांना चार दिवस वाईट वाटतं आणि ती आपापल्या कामाला लागतात. ज्यांचं चित्र खरं निघतं त्यांचं अवघड असतं.

असंच एक कुटुंब. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, आणि चित्रकाराचं नाव लिहीत नाही, कारण त्यावरून घर सापडेल.

औसा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारे गुरुजी, वय ५२. आजोबा निजामाच्या राज्यात वकील. एका चित्रकाराचा दावा त्यांनी लढवला, त्याच्याकडे फी द्यायला पैसे नव्हते, त्याने चित्र दिलं. केस विंचरणारी बाई, मागे अर्धवट उघडं दार, दीड हात बाय दोन हात. १९४८ मध्ये रझाकारांच्या भीतीने घर बार्शीकडे निघालं तेव्हा ते वाकळीत गुंडाळून बैलगाडीतून गेलं आणि परत आलं. १९९३ च्या भूकंपात ज्या भिंतीवर होतं तिला उभी चीर गेली, चित्र खिळ्यावरच राहिलं. एवढं सगळं होऊन घरात त्याची ओळख 'ढेळजेतली बाई' एवढीच (ढेळज म्हणजे वाड्याच्या दारालगतची ओसरी). पुण्यात शिकणाऱ्या पुतण्याने हुसेनची बातमी वाचून त्याचा फोटो काढला, मित्राने सही ओळखली, आणि मुंबईच्या एका लिलाव करणाऱ्या संस्थेने फोटोवरून कळवलं की चित्र अस्सल असेल तर ४० लाखांच्या आसपास जाऊ शकतं.

"मॅडम, झोपच येईना झालीय. रात्री उठून उठून कडी बघतो. गावात लोक काय काय बोलूलालेत." छातीत धडधड म्हणून ते आधी डॉक्टरांकडे गेले होते. ईसीजी ठीक होता, डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं.

चित्र कुठं आहे, असं विचारल्यावर ते जरा ओशाळले. युरियाची दोन रिकामी पोती उसवून, दाभणाने शिवून, त्यात चित्र घालून दिवाणाखाली ठेवलं होतं आणि दिवाणावर स्वतः झोपत होते. बाहेर श्रावणाची झड लागलेली. समुपदेशकाने सल्ले देऊ नयेत असं आम्हाला शिकवतात, पण इथे मी सरळ सांगितलं की गुरुजी, घरी गेल्यावर आधी ते पोत्यातून काढा. तैलचित्राला हवा लागते, पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये कोंडलं की बुरशी धरते. कोरड्या खोलीत, जमिनीपासून वर, सुती कापड टाकून ठेवा. कुणी सांगितलं तरी बटाटा, तेल, ओलं फडकं काही लावू नका.

मग झोपेचं. मनात येणाऱ्या प्रत्येक काळजीला तिथल्या तिथे उत्तर द्यायला गेलं की रात्र संपते. म्हणून संध्याकाळी शाळेतून आल्यावर अर्धा तास फक्त काळजीसाठी ठेवायचा, वहीत सगळं लिहायचं, आणि रात्री तेच आठवलं तर 'उद्या साडेपाचला' म्हणून पुढे ढकलायचं. ऐकायला पोरकट वाटतं, पण काळजीत बुडालेल्या माणसाला याचा बऱ्यापैकी उपयोग होतो. गुरुजींची वही मी वाचली. पहिल्या पानांवर चोर, गावकरी, पुतण्याचे मित्र. पुढे पुढे चोर कमी होत गेले आणि धाकटा भाऊ, बहीण अक्का, आईचं आजारपण यांची पानं वाढली. तिथे मला खरा गुंता दिसला.

४० लाख अजून कुणाच्याही खिशात आलेले नव्हते, पण प्रत्येकाच्या मनात खर्चून झाले होते. गुरुजींची मुलगी लातूरला नीटची तयारी करत होती, सरकारी कॉलेज नाही मिळालं तर खाजगीची फी यातून भरायची. पुण्यातल्या धाकट्या भावाला घराचं कर्ज फेडायचं होतं. त्याच्याकडे एक व्यापारी येऊन गेला होता: दहा लाख, रोख, आजच्या आज, कागद नको. धाकटे म्हणत होते देऊन टाकू, कटकट मिटेल. घाई करणाऱ्या माणसाबद्दल माझं मत वाईट आहे ते असो, पण दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं आयकर कायद्याला चालत नाही आणि दंड घेणाऱ्यालाच, तोही घेतलेल्या रकमेएवढा, होतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

मी एवढंच मागितलं की दिवाळीपर्यंत कुणी काहीही विकणार नाही. तोवर दोन कामं: वकिलाकडून हिस्से समजून घेणं, आणि चित्र जाणत्या माणसाला प्रत्यक्ष दाखवणं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचं केंद्र आहे, तिथून चौकशीला सुरुवात करा म्हटलं.

वकिलाकडे गेल्यावर नवीनच फाटे फुटले. २०१२ मध्ये अक्कांनी शेतीचं हक्कसोडपत्र करून दिलं होतं. आपल्याकडे ते कसं होतं ते सगळ्यांना माहीत आहे: तहसीलला जाऊन सही, हॉटेलात जेवण, साडीचोळी. सह्या माहेर तुटू नये म्हणून होतात. दोघं भाऊ धरून चालले होते की अक्कांचा विषय तिथेच संपला. वकिलांनी कागद वाचून सांगितलं, यात दोन गट नंबर आणि घर एवढंच आहे, चित्राचा उल्लेख नाही. शिवाय आजोबा वारले १९६९ साली, मृत्युपत्र नाही, चित्र त्यांच्या स्वतःच्या कमाईचं. म्हणजे १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू, आणि त्यात मुलगी मुलाच्या बरोबरीने. अंबाजोगाईला असलेल्या ८४ वर्षांच्या आत्याही वाटेकरी निघाल्या. आजोबांची मुलं दोनच, गुरुजींचे वडील आणि त्या, म्हणजे निम्म्याच्या!

गुरुजी त्या आठवड्यात पुन्हा झोपेनासे झाले. "मॅडम, हे कुणाकुणाला द्यायचं? आईला सहा वर्षं अर्धांगवायू होता. हगणंमुतणं कुणी काढलं? तेव्हा कुणी वाटेकरी आला नाही."

हे वाक्य मी वेगवेगळ्या घरांतून इतक्या वेळा ऐकलं आहे की आता मी त्याची वाटच पाहते. गुरुजींना म्हटलं, हा हिशोब खरा आहे. आईचा आहे, चित्राचा नाही. हिस्सा कायद्याने ठरतो, त्यात कुणी किती केलं हे येत नाही. केल्याचा हिशोब बोलायचाच असेल तर तो वेगळा बसून बोला. चित्राच्या पैशातून तो परस्पर वळता करून घ्यायला गेलात तर पैसे मिळतील, पण तुम्ही केलंत हे कुणी म्हणणार नाही. आणि तुम्हाला ते ऐकायचं आहे. ते बराच वेळ गप्प बसले आणि नंतर बसच्या वेळेबद्दल बोलले.

मग सगळ्यांना एकत्र बोलावलं. दोघं भाऊ, अक्का, गुरुजींच्या पत्नी (घरात सगळे वहिनीच म्हणतात, मीही तेच लिहिते), आत्यांना फोनवर घेतलं. पहिला तासभर आकडा उच्चारायचा नाही असं ठरवलं. सुरुवातीला मी म्हटलं, डोळे मिटा आणि चित्रात काय काय आहे ते सांगा. धाकट्यांनी बाईचं लुगडं लाल सांगितलं, गुरुजी म्हणाले हिरवं. अक्कांना दार आठवत होतं, कारण लहानपणी त्या दाराआड कोण आहे याची त्यांना भीती वाटायची. वहिनी मात्र बोलत गेल्या: लुगडं जांभळट आहे, काठ झिजल्यासारखा दाखवलाय, डाव्या हातात फणी, एक दात तुटलेला, पायाजवळ करंडा आणि त्याचं झाकण उलटं पडलेलं. लग्न होऊन आल्यापासून दर दिवाळीला ते उतरवून पुसत आल्या होत्या. खोलीत ज्यांचा त्या चित्रात कायद्याने एक पैशाचाही हिस्सा नव्हता, त्या त्या एकट्याच. सासूचंही बव्हंशी त्यांनीच केलं होतं, आणि गुरुजी आत्तापर्यंत 'मी केलं, मी केलं' म्हणत आले होते. कुणी काही बोललं नाही, पण गुरुजींनी पत्नीकडे पाहिलं ते मी पाहिलं.

त्यानंतर भांडण झालंच. अक्का हक्कसोडीच्या त्या दिवसाबद्दल बोलल्या, साडीचा रंगसुद्धा सांगितला. धाकटे म्हणाले, पैसे मी दर महिन्याला पाठवत होतो, ते कुणी धरतच नाही. मी मध्ये पडले नाही.

आत्यांचं प्रकरण निराळं. लिलावाच्या संस्थेने चित्र इतकी वर्षं याच घरात होतं याचा पुरावा मागितला होता. जुनी पावती, पत्र, फोटो, काहीही. असा पुरावा नसेल तर चांगल्या चित्राचीही किंमत पडते, इतक्या नकला बाजारात आहेत. घरात काहीच नव्हतं. आत्यांकडे त्यांच्या लग्नाचा फोटो होता, ढेळजेत काढलेला, मुंडावळ्यांच्या मागे भिंतीवर तीच केस विंचरणारी बाई. गुरुजी तो आणायला अंबाजोगाईला गेले. आत्या म्हणाल्या, "फोटो न्यायला आलास होय लेकरा. मला वाटलं मला भेटायला." तरी फोटो दिला. आत्या मोठ्या मनाने हक्क सोडतील अशी दोघा भावांना आशा होती. गुरुजींनी चाचरत विचारलं. त्या म्हणाल्या, "कशाला सोडू? एकोणसत्तर साली कुणी विचारलं नाही. आता विचारलंय तर घेते की."

मला तर हे उत्तर फार आवडलं. भाचरांना आवडायला वेळ लागला.

अपराधाबद्दल. गुरुजी म्हणायचे, चित्र विकलं तर आजोबांना विकल्यासारखं होईल. 'भावना बाजूला ठेवा' असं मी कुणाला सांगत नाही, बाजूला ठेवलेली भावना मग दुसऱ्याच कुणावर निघते. मी विचारलं, आजोबांनी ते घेतलं कशाला? फीपोटी. म्हणजे त्यांच्या लेखीही ते आधी पैसेच होते, भिंतीवर नंतर गेलं. यावर गुरुजी प्रथमच मोकळे हसले. विकावं की ठेवावं हे मी सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. एवढं कळलं की ठेवायची कुणाचीच मनापासून इच्छा नव्हती. फक्त 'विका' असं आधी म्हणायला कुणी तयार नव्हतं.

व्यवहाराचं थोडक्यात, कारण विचारणारे पुष्कळ आहेत. वारसाने आलं म्हणून कर नाही, मृत्युकर १९८५ मध्येच गेला. विकल्यावर मात्र भांडवली नफ्यावर कर आहे. चित्र म्हणजे करातून सुटणारी घरगुती वापराची वस्तू असं २००७ च्या दुरुस्तीपासून धरत नाहीत. इतक्या जुन्या मालकीला १२.५ टक्के दर लागतो, आणि १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत खरेदी म्हणून धरता येते. तेवढ्यासाठी सीए गाठावा. चित्र १०० वर्षांहून जुनं असेल तर ते पुरावस्तू ठरतं, पुरातत्त्व खात्याकडे नोंद लागते आणि देशाबाहेर नेता येत नाही. रविवर्मा, अमृता शेरगिल, नंदलाल बोस, जामिनी रॉय अशा नऊ चित्रकारांच्या चित्रांना वयाची अट नाही, ती राष्ट्रीय ठेवा म्हणून देशातच राहतात. या कुटुंबाचं चित्र दोन्हींत बसत नव्हतं.

तज्ज्ञांनी प्रत्यक्ष पाहिल्यावर चित्र अस्सल ठरलं, अंदाज मात्र २५ लाखांवर आला. खालच्या बाजूचा रंग पुसट झालाय, वर्षानुवर्षं ओलं फडकं फिरल्याने, असं अहवालात होतं. तो अहवाल कुणीतरी जेवताना मोठ्याने वाचला. दुसऱ्या दिवशी वहिनी एकट्याच माझ्याकडे आल्या. "पंधरा लाख मी पुसून टाकले का हो मॅडम?" त्यांना म्हटलं, चाळीस हा फोनवरच्या फोटोचा आकडा होता, तो कधी आलाच नव्हता, तर तुम्ही घालवाल कसा? आणि ढेळजेत चुलीचा धूर, देवाची उदबत्ती, धूळ. कुणीच हात लावला नसता तर त्या बाईचा चेहराही दिसला नसता आणि पुतण्याने फोटो काढला नसता. त्यांना किती पटलं माहीत नाही. अजून येतात.

आत्यांचा निम्मा, उरलेल्यात तिघं भावंडं सारखी, असा कागद वकिलांनी केला आहे. अक्कांनी त्यात एक ओळ घालायला लावली: तिघांच्या वाट्यातून आधी दोन लाख वहिनींच्या खात्यात, मग वाटणी. गुरुजींनी लगेच सही केली. धाकट्यांची अजून झालेली नाही. त्यांचं म्हणणं, पाठवलेल्या पैशांचीही मग एक ओळ हवी. पुढच्या शनिवारी ते एकटेच पुण्याहून येणार आहेत, त्यांना वेळ दिली आहे.