थरच्या साइटवर निघण्याआधी

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

जैसलमेरच्या पलीकडच्या रस्त्यावर तुझी नेमणूक झाल्याचं कळलं. फार आनंद झाला. नागपूरचा मे काढलेल्या पोराला ऊन नवं नाही, पण इथे दुपारी कुलरसमोर बसता येतं. तिथे दुपारचं काम पहाटेवर ढकलायला शीक.

लेव्हल, म्हणजे जमिनीची उंची मोजायची दुर्बीण, उजाडताच लाव. ऊन चढलं की तापलेल्या जमिनीवरची हवा लहरते आणि दुर्बिणीत स्टाफवरचे, म्हणजे समोर धरलेल्या मोजपट्टीवरचे, आकडे नाचू लागतात. तसलं रीडिंग वहीत घेऊच नकोस.

पाणी जपून वापर, पण अर्धवट मारू नकोस. कोरडी वाळू व्हायब्रेटरी रोलरखाली दबते, भरपूर भिजवलेलीही दबते. नुसती दमट असली की कणाला कण धरून राहतो, ती फुगते आणि रोलरला दाद देत नाही. लांबून आणलेला टँकर फुकट जातो. बोअरचं पाणी खारं असेल तर तपासल्याशिवाय काँक्रीटला घेऊ नकोस, सळई गंजते.

वाऱ्याच्या वाटेत काही उभं करू नकोस. अडथळ्यापाशी वाऱ्याचा जोर कमी होतो आणि वाळू तिथेच पडते. रस्त्यासाठी जमीन खोदून केलेलं खोल कटिंग तर वाळूने भरतच राहतं. म्हणून रस्ता जमिनीपेक्षा थोडा उंच आणि भरावाचे उतार पसरट.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 1943 साली देशभरच्या मुख्य अभियंत्यांनी आपल्या नागपुरातच 20 वर्षांचा रस्ते आराखडा केला, त्याचा मला फार अभिमान आहे. पण आराखडा जमिनीवर उतरवतो तो मशीन चालवणारा ऑपरेटर. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात 1955 ते 1963 या काळात लेन बीडेल या सर्व्हेअरने मोजक्या माणसांनिशी 6,000 किलोमीटरहून जास्त रस्ते काढले. तो पुढे जाऊन आरशाने उन्हाची तिरीप पाठवायचा आणि तिच्या रोखाने मागून डोझर यायचा. डोझरवरचा माणूस आजारी पडला तर तिथे दुसरा कुठून आणणार? तुझ्याकडेही तेच होईल. ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करणारं मशीन, चालवणाऱ्याची झोप, त्याचं जेवण, त्याची ठरलेली सुट्टी, हे सगळं तू बघायचं. एअर फिल्टर रोज साफ करायला तो सांगेल. तेव्हा वाद न घालता गाडी थांबव.

रेंज नसेल, हे आईला आधीच सांगून ठेव. डिझेलच्या टँकरसोबत निरोप पाठवता येतो, पाठवत जा.

तुझा,
सर