वाचकांचे प्रश्न : एक व्ही-८ गुरगुरते, दुसरे किंचाळते

प्रश्न : फोर्ड मस्टँग जीटी आणि फेरारी ४५८ या दोन्ही गाड्यांत आठ सिलिंडरचे व्ही-८ इंजिन असूनही त्यांच्या आवाजात एवढा फरक का? सायलेन्सर बदलून मस्टँगमधून फेरारीचा आवाज काढता येईल का?

उत्तर : नाही, कारण हा फरक सायलेन्सरच्या बऱ्याच आधी, क्रँकशाफ्टमध्येच (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्यात) ठरतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा इंधन पेटते. त्यामुळे दोन्ही इंजिनांत दर ९० अंशांना एक स्फोट होतो आणि इथवर दोन्ही सारखीच आहेत. मात्र डाव्या आणि उजव्या बाजूच्या चार-चार सिलिंडरमधला धूर आपापल्या नळ्यांतून निघतो. फेरारीच्या क्रँकपिन, म्हणजे पिस्टनचे दांडे क्रँकला जिथे जोडतात ते खुंट, एकाच प्रतलात असल्याने प्रत्येक बाजूला बरोबर १८० अंशांनी धुराचा ठोका पडतो. मस्टँगच्या क्रँकपिन परस्परांशी काटकोनात असतात, म्हणून एका बाजूच्या ठोक्यांमधली अंतरे १८०, २७०, १८० आणि ९० अंश अशी विषम पडतात आणि त्यातून मुख्य सुराखाली खर्जाचे सूर मिसळतात. गुरगुर म्हणतात ती हीच. त्यात ४५८ मिनिटाला ९००० फेऱ्यांपर्यंत जाते, म्हणजे सेकंदाला ६०० स्फोट. साहजिकच सूर चढतो.

नळ्यांची मांडणीही कमी महत्त्वाची नाही. साठच्या दशकात फ्रान्समधली ल मां शर्यत गाजवणाऱ्या फोर्ड जीटी-४० मध्ये काही सिलिंडरच्या नळ्या इंजिनावरून पलीकडच्या बाजूला वळवून ठोके समान केले होते. काटकोनी क्रँक असूनही तिचा आवाज गुळगुळीत झाला तो त्यामुळे. मागून पाहिले तर तो नळ्यांचा गुंता सापांचा वेटोळाच वाटतो!

इंजिनात जास्त हवा कोंबणारा टर्बोचार्जर मात्र आवाजाचा वैरीच. त्याचे चाक धुराच्या याच ठोक्यांवर फिरत असल्याने त्यांची धार बोथट होते. ४५८ नंतर आलेल्या ४८८ मध्ये क्रँक त्याच प्रकारचा असूनही टर्बोमुळे ती किंकाळी दबली. सायलेन्सर फक्त आलेल्या सुरांतले काही गाळतो, नवे निर्माण करीत नाही. तो काढून टाकल्यास मस्टँग नुसती अधिक मोठ्याने गुरगुरेल, आणि आपल्याकडे दंडही भरावा लागेल.

स्वतः फोर्डला मस्टँगचा सूर चढवायचा होता तेव्हा शेल्बी जीटी-३५० साठी एकाच प्रतलातला क्रँक असलेले ५.२ लिटरचे वेगळे इंजिनच घडवावे लागले. ते ८२५० फेऱ्यांपर्यंत जाते, तरी त्याचा आवाज फेरारीपेक्षा जाडच आहे.