वाचक विचारतात : ओरेगन ट्रेल बघायचाय, कुठे जाऊ?

प्रश्न : मे महिन्यात आम्ही दोघं अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडला लेकीकडे चाललोय. एकोणिसाव्या शतकात या ट्रेलने वॅगन (बैल जुंपलेल्या गाड्या) घेऊन पश्चिमेला ओरेगनात गेलेल्या लोकांचा इतिहास बघायची मला फार हौस, पण जावई म्हणतात एक गाडी नि चार भांडी ठेवलेली असतात, त्यात काय बघायचंय. दोन दिवस मिळतील. हिचे गुडघे दुखतात. काय बघावं? (नाशिक)

उत्तर : काका, जावयांचं अगदीच चूक नाही हां, तशी म्युझियम्सही आहेत, पण तुम्ही सरळ बेकर सिटी गाठा. पोर्टलंडहून आय-84 हायवेने साधारण 300 मैल, म्हणजे एक अख्खा दिवस त्यातच धरा. गावाबाहेर फ्लॅगस्टाफ हिलवर ओरेगन ट्रेलचं मोठं सेंटर आहे, आत खऱ्या मापाच्या वॅगन, बैल, माणसं उभी केलीयत आणि ते बघताना कळतं की गाडीत बसून कोणी जात नव्हतं, गाडीत पीठ, बेकन, अवजारं, आणि बाकी सगळे पायी, मिसुरी नदीपासून दोन हजार मैल, चार-सहा महिने. सिनेमात सारखे हल्ले दाखवतात, पण माणसं जास्त मेली ती कॉलऱ्यासारख्या रोगांनी. टेकडीखाली त्या गाड्यांच्या चाकोऱ्या अजून दिसतात. त्या जवळून बघायच्या तर काकूंना वरून पायवाटेने उतरवू नका, परत चढायला लागतं, खाली हायवे 86 च्या कडेला गाडी लावा.

दुसऱ्या दिवशी परतताना पेंडलटनजवळ तमास्तस्लिक्त. हे कायूज, उमाटिला आणि वाला वाला या तिथल्या मूळ जमातींचं स्वतःचं म्युझियम आहे, 1998 पासून. माझ्या मते हे बघितलं नाही तर बेकर सिटीची गोष्ट अर्धीच राहते. कारण बघा, गोऱ्या जोडप्याला ओरेगनात 640 एकर फुकट द्यायचा कायदा झाला 1850 ला, आणि या तिन्ही जमातींशी तह झाला 1855 ला, म्हणजे वाटप आधी नि विचारणं नंतर! त्या तहात त्यांची 64 लाख एकर जमीन गेली. त्याआधी 1847 मध्ये गोवराची साथ आली, कायूज लोकांची मुलं पटापट गेली, गोऱ्यांची बरीचशी वाचली, संशय मिशनरी डॉक्टर व्हिटमनवर आला आणि तो, त्याची बायको धरून तेरा जण मारले गेले. ती जागा वाला वाला याच नावाच्या गावाजवळ आहे, जायला जमलं तर छानच.

परतीच्या वाटेवर द डॅल्स गावाला चहापुरतं थांबा. इथे आधी गाड्या तराफ्यावर चढवून कोलंबिया नदीत सोडाव्या लागायच्या, 1846 ला माउंट हूडला वळसा घालणारा बार्लो रोड झाला, पण त्याला गाडीमागे 5 डॉलर टोल, तेव्हाचे!

ओरेगन सिटी, जिथे ट्रेल संपायचा (आणि 1850 ला त्या व्हिटमन प्रकरणात पाच कायूजना फाशी दिली तेही तिथेच), पोर्टलंडला लागूनच आहे, ते या दोन दिवसांत कोंबू नका, लेकीला सुट्टी असेल तेव्हा अर्ध्या दिवसात होतं.