संगणक-शंका : पान सरकते की खिडकी?

प्रश्न : माझे वय ५७ असून मी नौपाड्यातील एका करसल्लागारांच्या कार्यालयात गेली बावीस वर्षे हिशेबाचे काम करते. कार्यालयात विंडोजचा संगणक आणि चाकाचा माउस आहे. गेल्या महिन्यात मुलीने तिचे मॅकबुक मला घरच्या कामासाठी दिले. त्यावर दोन बोटे खाली ओढली की पुढचा मजकूर येण्याऐवजी मागचा येतो. सवयीचा म्हणून घरी माउस जोडून पाहिला, तर तोही उलटाच चालतो. आमच्या सोसायटीच्या देखभाल शुल्काची यादी भरताना मी शेवटाकडे आले आहे असे समजून प्रत्यक्षात वर गेले होते आणि एकाच सदनिकेची पावती दोनदा चढवली गेली. मुलगी म्हणते, “आई, आठ दिवसांत सवय होईल.” आज तीन आठवडे झाले. यंत्रात बिघाड आहे, की माझा हात आता नवे शिकत नाही?
— एक वाचिका, ठाणे (पश्चिम)

उत्तर : बिघाड यंत्रात नाही आणि आपल्या हातातही नाही. घरी जोडलेला तो माउस हे आपल्या त्रासाचे खरे कारण आहे असे मला वाटते. त्याकडे येण्यापूर्वी दिशा उलटी का झाली ते पाहू.

ठाणे स्थानकात थांबलेल्या गाडीत आपण खिडकीशी बसलेल्या असताना शेजारच्या फलाटावरची गाडी मुलुंडच्या दिशेने निघाली, तर क्षणभर आपलीच गाडी कळव्याकडे निघाल्याचा भास होतो. हलले कोण, हे डोळ्यांना आपणहून ठरवता येत नाही. संगणकाच्या पडद्यावर नेमके हेच घडते. लांबलचक मजकुराचा थोडासाच भाग आपल्याला दिसतो. आपण खिडकी मजकुरावरून खाली नेली असे मानले, तर ‘खाली’ म्हणजे पुढचा मजकूर. खिडकी जागेवर ठेवून कागदच बोटाने खाली ओढला असे मानले, तर वरचा, म्हणजे मागचा मजकूर समोर येतो. दोन्ही मांडण्या तर्काला धरून आहेत. फक्त त्या एकमेकींच्या उलट आहेत.

पडद्याच्या उजव्या कडेची सरकपट्टी पहिल्या मांडणीची आहे. तिचा ठोकळा खाली ओढला की खिडकी खाली जाते. १९९६ साली मायक्रोसॉफ्टच्या इंटेलिमाउसने चाकाचा माउस घरोघरी पोहोचवला, तेव्हा चाकानेही हीच दिशा उचलली. पुढे २००७ मध्ये आयफोन आला आणि बोट थेट मजकुरावरच टेकू लागले. तिथे कागद ओढण्याखेरीज दुसरी कल्पना मनात येणेच कठीण होते. जुलै २०११ मध्ये ॲपलने मॅक ओएस एक्स लायन ही प्रणाली आणताना फोनवरची तीच दिशा संगणकालाही लावली आणि तिला ‘नॅचरल स्क्रोलिंग’ असे नाव दिले. ज्यांचे हात पंधरा वर्षे चाकावर फिरले होते त्यांना ‘नैसर्गिक’ हे विशेषण टोचले असल्यास त्यात नवल नाही. तरीही आपण रोज मोबाइलवर याच दिशेने मजकूर सरकवता आणि तिथे एकदाही अडखळत नाही, हे लक्षात घ्यावे. म्हणजे आपला हात ही दिशा कधीच शिकला आहे.

मग माउस का नडतो? घरात लहान मुलाची खेळण्यातली मोटार असेल तर तिचे एक चाक कोऱ्या कागदावर टेकवा, मोटार हाताने जागेवर घट्ट धरा आणि चाकाचा वरचा भाग बोटाने स्वतःकडे फिरवा. चाकाखालचा कागद आपल्यापासून दूर, पुढे सरकेल. जुन्या दिशेचा माउस तेच करतो : चाक स्वतःकडे ओढले की मजकूर वर जातो आणि पुढचा भाग दिसतो. ट्रॅकपॅडवर, म्हणजे कीबोर्डखालच्या स्पर्शपट्टीवर, बोट कागदालाच टेकले आहे अशी कल्पना असते, तर माउसमध्ये मध्ये एक चाक आहे, आणि चाकाची वरची बाजू एका दिशेला गेली की खालची बाजू विरुद्ध दिशेला जाते. त्यामुळे ट्रॅकपॅडला नवी दिशा आणि चाकाला जुनी दिशा हीच मला योग्य जोडी वाटते. ॲपलने चाकालाही नवी दिशा लावली, ते माझ्या मते चुकलेच.

आता आपल्या तीन आठवड्यांविषयी. दिवसभर कार्यालयात एक माउस एका दिशेने चालतो आणि संध्याकाळी तशाच आकाराचा, हाताला अगदी तसाच लागणारा माउस उलट दिशेने चालतो. हाताला फरक ओळखण्याची कोणतीही खूण मिळत नाही. म्हणून रात्री शिकलेले सकाळी पुसले जाते. जुन्या बुलेटचे गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असत. ती चालवणारे कितीतरी लोक दुसऱ्या मोटरसायकलीही चालवत, पण बुलेटचा आवाज, वजन आणि बैठक यांमुळे पायाला आपण कशावर बसलो आहोत हे आधीच कळत असे. दोन गाड्या दिसायला आणि चालवायला हुबेहूब सारख्या आणि ब्रेक मात्र विरुद्ध पायाला असते, तर काय झाले असते याची कल्पना करा. आपल्या हाताची अवस्था तशीच झाली आहे.

उलट गोष्टीची सवय होते, यात मात्र शंका नाही. १८९७ साली जॉर्ज स्ट्रॅटन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी जग उलटे दाखवणारी भिंगे एका डोळ्याला लावून, दुसरा डोळा झाकून आठ दिवस काढले. सुरुवातीला हात भलतीकडेच जाई. शेवटच्या दिवसांत हालचाली बऱ्याच सरावाच्या झाल्या. पण त्या आठ दिवसांत जागेपणी त्यांनी सरळ जग मधूनमधून पाहिले नव्हते, आणि आपल्या मुलीच्या हिशेबात नेमका हाच मुद्दा सुटला आहे.

तेव्हा घरी माउस काढून ठेवा आणि केवळ ट्रॅकपॅड वापरा. पहिले चार दिवस त्यावर आकडे भरू नका. लांब लेख वाचा, छायाचित्रे पाहा. हिशेबाचे काम निघालेच तर कीबोर्डवरून पुढे जा : फंक्शन कळ दाबून खालचा बाण दाबला की पान पुढे जाते, वरचा बाण दाबला की मागे येते आणि या कळांना स्क्रोलच्या दिशेची सेटिंग लागू होत नाही. पावती दोनदा चढण्यामागे आणखी एक कारण असू शकते. मॅकवर सरकपट्टी एरवी लपलेली राहते, त्यामुळे यादीत आपण कुठे आहोत ते दिसत नाही. सिस्टिम सेटिंग्जमधील ‘अपिअरन्स’ या भागात सरकपट्टी नेहमी दाखवण्याचा पर्याय आहे, तो आजच निवडा.

माउस हवाच असेल तर एक अडचण आहे. मॅकमध्ये ट्रॅकपॅडच्या आणि माउसच्या पानावर नॅचरल स्क्रोलिंगची कळ वेगवेगळी दिसते, परंतु एक बदलली की दुसरीही बदलते. ‘स्क्रोल रिव्हर्सर’ हे मोफत साधन घातल्यास चाकाला जुनी आणि ट्रॅकपॅडला नवी दिशा देता येते.

आणखी एक सुचवतो. मुलगी फोनवरून समजावताना “खाली घे” म्हणत असेल, तर बोट खाली घ्यायचे की मजकुराच्या खालच्या भागाकडे जायचे, हे त्या दोन शब्दांतून कळत नाही. “पुढचे दाखव”, “मागचे दाखव” असे बोलायचे ठरवा. निम्मे वाद तिथेच मिटतील.

प्रश्न : घरी विंडोजचा एकच लॅपटॉप आहे. मी टचपॅडची दिशा जुनी करतो, नातू ती पुन्हा नवी करतो. काय करावे?
— एक आजोबा, नेरूळ

उत्तर : दोघांची स्वतंत्र वापरकर्ता खाती उघडा. टचपॅडची दिशा त्या त्या खात्यापुरती राहते, त्यामुळे आपल्या नावाने आत शिरलात की आपली दिशा आणि नातवाच्या नावाने त्याची. सेटिंग्जमध्ये ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’, त्यात ‘टचपॅड’ आणि त्यात स्क्रोलच्या दिशेचा पर्याय आहे. माउसच्या चाकाची दिशा रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदवहीत, शिरून उलटी करण्याची युक्ती नातवाला कोणी सांगितली असेल, तर ती करू देऊ नका. तो बदल खात्याला नव्हे, त्या माउसला चिकटतो आणि आपल्यालाही भोगावा लागतो.

प्रश्न : एक्सेलमध्ये बाणाची कळ दाबली की चौकट पुढच्या रकान्यात जाण्याऐवजी सगळा तक्ताच सरकतो. हीदेखील दिशेचीच गडबड आहे का?
— एक वाचक, वाशी

उत्तर : जवळची, पण वेगळी. आपल्याकडून ‘स्क्रोल लॉक’ ही कळ दाबली गेली आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डावरही ती होती. ती चालू असताना बाणांनी चौकट न हलता पान हलते. आज ती मानणारे कार्यक्रम थोडे उरले आहेत आणि एक्सेल त्यांपैकी एक आहे. ती कळ पुन्हा एकदा दाबा. लॅपटॉपवर ती सापडत नसेल तर विंडोजमधील ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडा आणि त्यावरील ‘स्क्रोल लॉक’वर टिचकी मारा.