सगळे अपघात चालकाच्याच चुकीने होतात, मग रस्ते सुधारून मृत्यू कसे कमी होणार?

चूक चालकाचीच असते, हे वादापुरतं मान्य करू. पण पहाटे चार वाजता एखाद्याला डुलकी लागली, तर त्याची शिक्षा मरण असावी का? गाडी रस्ता सोडून बाजूला गेल्यावर ती कशावर आदळते, हे चालक ठरवत नाही. ते आमच्यासारखे लोक ठरवतात.

मी रस्त्याच्या कामांवर साईट इंजिनिअर आहे. माझं पहिलंच काम क्रॅश बॅरियर, म्हणजे गाडी रस्त्याबाहेर जाऊ नये म्हणून कडेला लावतात ते लोखंडी कुंपण, बसवण्याचं होतं. ते पन्हळी लोखंडी पत्रे एकमेकांवर चढवून बोल्ट मारतात. पत्रा कसा चढवायचा याचा नियम आहे. गाडी जिकडून येते तिकडचा पत्रा रस्त्याच्या बाजूला, पुढचा त्याच्या मागे. छपरावर वरचं कौल खालच्या कौलावर येतं, म्हणून पाणी आत शिरत नाही ना, तसंच. उलटं लावलं तर घासत आलेल्या गाडीला सांध्याची धार आडवी येते. आमच्याकडे शंभरेक मीटर उलटं लागलं होतं. मी बोललो तर मुकादम म्हणाला, "साहेब, लाईन तर सरळ आहे ना?" सरळ होती खरी, फोटोत तर फारच छान दिसत होती. सगळं उघडून पुन्हा लावायला दोन दिवस गेले आणि पुढचा महिनाभर माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

बॅरियरचं सुरुवातीचं टोक हा आणखी वाईट प्रकार. येणाऱ्या गाडीकडे रोखलेलं उघडं टोक भाल्यासारखं आत घुसतं. ते रस्त्यापासून लांब वळवून बांधात गाडायचं, नाहीतर धक्का शोषणारं टोक बसवायचं. उघडी टोकं मात्र अजून जागोजागी दिसतात.

सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरला सूर्या नदीच्या पुलावर टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री गाडीच्या अपघातात गेले. नंतर सगळी चर्चा मागच्या सीटच्या बेल्टची झाली. ती योग्यच होती, बेल्ट लावाच. पण तिथे तीन लेनचा रस्ता पुलाशी येऊन दोन लेनचा होतो आणि गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली, यावर त्या मानाने कमी बोललं गेलं.

आता तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर २०१६ मध्ये १५१ जणांचा जीव गेला. त्याच वर्षी सेव्हलाईफ फाउंडेशन या रस्ते सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेने एमएसआरडीसी (राज्य रस्ते विकास महामंडळ) आणि महामार्ग पोलिसांबरोबर 'झिरो फॅटॅलिटी कॉरिडॉर', म्हणजे या रस्त्यावरचे मृत्यू शून्यावर आणण्याचा उपक्रम, सुरू केला. उघडे खांब आणि काँक्रीटचे कोपरे बॅरियरने झाकले, कडेला उभे राहणारे ट्रक हटवायला घेतले, जखमींपर्यंत लवकर पोहोचण्याची सोय सुधारली. २०१९ मध्ये आकडा ९२ वर आला. (२०२० चा याहून कमी आहे, पण ते लॉकडाऊनचं वर्ष, म्हणून धरत नाही.) वेगावरची पोलीस कारवाईही वाढली होती, त्यामुळे सगळं श्रेय लोखंडाला देणार नाही. पण तीन वर्षांत महाराष्ट्रातले चालक काही संत झाले नव्हते.

कायदाही आता नुसत्या चालकाकडे बोट दाखवत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८अ कलम आलं. रस्त्याचं डिझाईन, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. रस्त्याच्या कामाचं बिल बघितलेल्या माणसाला हा आकडा वाचून हसू येईल.

तुम्हाला स्वतःला काही करायचं असेल तर रोजच्या रस्त्यावरची अशी एक धोक्याची जागा शोधा आणि किलोमीटरच्या दगडासकट फोटो काढा. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ वर फोन करा, नाहीतर बांधकाम खात्याला लेखी द्या आणि पोच घ्या. 'रस्ता धोकादायक आहे' असं पत्र फाईलला लागतं. 'किमी ४२/३००, डावी बाजू, पुलाच्या कठड्याआधी बॅरियर नाही' असं पत्र आलं की आमच्यापैकी कुणालातरी जाऊन बघावं लागतं.