सेवा बंद केली तरी कार्डातून पैसे जातातच. बिल भरावं की अडवून धरावं?

निपाणीहून एका ताईंनी विचारलंय: "मी घरी ब्लाउजवरच्या नक्षीकामाच्या ऑर्डरी घेते. जानेवारीत डिझाइनचं एक परदेशी अ‍ॅप सात दिवस फुकट म्हणून घेतलं, तेव्हा क्रेडिट कार्डाचा नंबर दिला. ९ जानेवारी आणि ९ फेब्रुवारीला पैसे गेले ते मला कळलंच नाही. कार्ड लग्नाआधी कोल्हापूरच्या शाखेतून घेतलेलं, त्याला जोडलेला मोबाईल अजून भावाचा आहे. १७ फेब्रुवारीला मी सेवा बंद केली, तसा मेलही आला. तरी मार्च ते जून दर ९ तारखेला तेराशेच्या वर रक्कम कापली गेली. आता १८,६४० रुपयांचं बिल हातात आहे. यजमान म्हणतात बिलच भरू नको, बँक आपोआप जागी होईल. भाऊ म्हणतो फ्रॉड म्हणून तक्रार टाक आणि कार्ड ब्लॉक कर. कुणाचं ऐकू?"

ताई, दोघांचंही नको. बिल पूर्ण भरा आणि तक्रार वेगळी चालवा.

आधी यजमानांचा मुद्दा. या बिलात वादाची रक्कम फक्त जूनची, म्हणजे साधारण १,३२० रुपये. बाकीचे १७,३२० तुम्हीच खर्च केलेत. बिल अडवलं तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज धरा, १८,६४० वर साडेसहाशेच्या घरात जातं. वर उशिराचा दंड आणि दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. शिवाय पुढच्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, म्हणजे दुकानातून दोरा घेतला त्याच दिवसापासून व्याज चढायला लागतं. देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाला की तो कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या कंपन्यांपर्यंत पोचू शकतो. उद्या एम्ब्रॉयडरी मशीनसाठी कर्ज काढायला गेलात की तिथे दिसेल. तेराशे रुपयांसाठी एवढं अंगावर घ्यायचं कारण नाही. बिल भरलं म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही, निकाल तुमच्या बाजूने लागला की रक्कम कार्डावर जमा होते. वादाची रक्कम तीस-चाळीस हजार असती तर मी वेगळं सांगितलं असतं: आधी बँकेकडून 'ही रक्कम तपास होईपर्यंत बाजूला ठेवली आहे' असं लेखी घ्या आणि उरलेलं भरा.

आता भावाचा मुद्दा, आणि इथेच खरी गोम आहे. 'फ्रॉड' हा शब्द वापरू नका. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक सगळ्यांना अर्धवट माहीत असतं: तीन कामाच्या दिवसांत कळवलं की आपलं नुकसान शून्य. पण ते तुमच्या परवानगीविना झालेल्या व्यवहारांसाठी आहे, कुणी कार्डाची माहिती चोरली, परस्पर वापरली, अशा वेळी. तुम्ही नंबर स्वतः दिलाय, अ‍ॅपमध्ये लॉगिन केलंय. 'ही कंपनी मला माहीतच नाही' असं लिहिलंत तर कंपनी तुमच्या लॉगिनची नोंद पुढे ठेवेल, आणि खऱ्या तक्रारीवरचाही विश्वास उडेल. तुमची तक्रार सरळ आहे: सेवा बंद केल्यावरही पैसे घेतले. कार्डांच्या जागतिक नियमांत या कारणासाठी वेगळा रस्ता आहे. बँक तुमच्या वतीने व्यापाऱ्याच्या बँकेकडून पैसे परत मागते, त्याला चार्जबॅक म्हणतात. बँकेच्या डिस्प्यूट (हरकतीच्या) फॉर्मवर 'बंद केलेल्या सेवेचे पैसे घेतले' अशा अर्थाचं कारण शोधा आणि तेच निवडा. १७ फेब्रुवारीचा मेल हा तुमचा हुकमी एक्का आहे.

पण घाई करा. व्हिसा आणि मास्टरकार्डकडे अशा मागणीला साधारण १२० दिवसांची मुदत असते. ९ मार्चच्या रकमेचे १२० दिवस ७ जुलैला भरतात. बँकेच्या स्वतःच्या अटींत याहून कमी मुदत असू शकते. म्हणून कंपनीला आजच मेल करा, बंद केल्याचा पुरावा जोडा, चारही रकमा तारखांसह लिहून परत मागा. कंपनीशी आधी बोललात का, हे बँक विचारतेच. मात्र उत्तराची वाट बघत बसू नका, दोन-तीन दिवसांत बँकेकडे फॉर्म भरा. (फोनवरून अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे सेवा बंद झाली असं बरेच जण समजतात. ती चालूच राहते, पैसे कापत राहते. तुम्ही आत जाऊन बंद केली म्हणून आज तुमची बाजू भक्कम आहे.)

बँकेला आणखी एक प्रश्न लेखी विचारा: या कंपनीसाठी माझ्या कार्डावर ई-मॅंडेट (दर महिन्याला आपोआप पैसे कापायची परवानगी) नोंदलं होतं का, कधी, आणि पैसे कापण्याआधीची सूचना कुठल्या नंबरवर पाठवली? ऑक्टोबर २०२१ पासून, आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना किमान २४ तास आधी द्यावी लागते, त्यात नको म्हणायची सोयही हवी. तुमच्या बिलात रक्कम दर महिन्याला थोडी बदलते, याचा अर्थ ती डॉलरमधली आहे आणि रुपयाच्या भावाप्रमाणे हलते. काही परदेशी सेवा दर महिन्याला नवा व्यवहार असल्यासारखं कार्ड वापरतात आणि ओटीपीही मागत नाहीत, त्यामुळे ही सूचनेची साखळी तिथे तुटते. उत्तर काहीही येवो, ते कागदावर आलेलं बरं. बिलावर हरकत घेतली की ३० दिवसांत खुलासा, आणि लागू असेल तिथे कागदोपत्री पुरावाही, देणं कार्ड देणाऱ्या बँकेवर बंधनकारक आहे.

अर्ज साध्या इंग्रजीत लिहा. निपाणीच्या शाखेतले साहेब कन्नड बोलतील, तुम्ही मराठीत बोलाल, समजुतीने निभतं. पण फाइल मुख्य कार्यालयातल्या कार्ड विभागात जाते. भाषेचा वाद आपल्या भागात नवा नाही, तो या अर्जावर काढू नका. पोच मात्र घ्याच, शिक्क्यासह.

कार्ड ब्लॉक करायची गरज मला दिसत नाही. बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद करायचं बटण आहे, ते आज बंद करा, ९ जुलैचा हप्ता तिथेच अडेल. ई-मॅंडेटच्या यादीत त्या कंपनीचं नाव दिसलं तर तेही रद्द करा. कार्ड कायमचं बंद करायचं असेल तर डिस्प्यूट निकाली निघाल्यावर करा.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवाउडवी केली, तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रारींच्या वेबसाइटवर तक्रार करता येते, फी नाही. रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ या फोन नंबरवर चौकशी होते, काही प्रादेशिक भाषांतही. कार्ड महाराष्ट्रातल्या शाखेचं, तुम्ही कर्नाटकात, कंपनी परदेशात, मग कुठे दाद मागायची, अशी शंका आपल्या सीमाभागात नेहमी येते. लोकपाल योजनेत २०२१ पासून शाखेच्या हद्दीचा प्रश्न उरलेला नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. पण सव्वापाच हजारांसाठी बेळगावच्या फेऱ्या मारायला मी सांगणार नाही. लोकपालापर्यंत जा, तिथे थांबा.

राहिले जानेवारी-फेब्रुवारीचे दोन हप्ते. ते तुमचेच आहेत. फुकटची मुदत संपल्यावर पैसे लागतील ही अट तुम्ही स्वीकारली होती, भावाच्या फोनवरचा मेसेज तुम्हाला दिसला नाही याला कंपनी जबाबदार नाही. ती अट मुद्दाम दडवलेली होती असं आठवत असेल तर गोष्ट वेगळी. नोव्हेंबर २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाला वर्गणीत अडकवून ठेवणं ही अनुचित प्रथा मानली आहे, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. नाहीतर मेलमध्ये सौजन्य म्हणून ते दोन हप्तेही मागून बघा, पण डिस्प्यूट फॉर्मवर फक्त मार्च ते जूनच लिहा. आणि फॉर्म द्यायला शाखेत जाल तेव्हा आधार-पॅन सोबत न्या, कार्डाला तुमचा स्वतःचा मोबाईल नंबर जोडून घ्या.