दोन किलोबाइटांचा उंबरठा

गेल्या लेखात पोस्टग्रेस या डेटाबेसमधल्या 'टोस्ट'चा, म्हणजे मोठी मूल्यं आवळून (कॉम्प्रेस करून) ठेवणाऱ्या सोयीचा, ओझरता उल्लेख केला होता. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडले आहेत.

ताई, आमच्या नाट्यमंडळाच्या जुन्या संहिता युनिकोडमध्ये टाइप करून पोस्टग्रेसमध्ये ठेवल्यात. तक्त्याच्या एका ओळीत नाटकाचा एक अंक. रकान्याला आवळण्याची मूळची पद्धत पीजीएलझेड राहू द्यावी की एलझेडफोर लावावी? जागा किती वाचेल? (फोंडा)

एलझेडफोर लावा, पण वेगासाठी. जागेत फारसा फरक दिसणार नाही. कधीकधी पीजीएलझेडच थोडं जास्त आवळतं. लिहिताना आणि उलगडताना मात्र एलझेडफोर बरंच चपळ आहे.

पोस्टग्रेसचं एक पान ८ किलोबाइटचं असतं आणि एक ओळ दोन पानांवर पसरू शकत नाही. म्हणून ओळ साधारण २ किलोबाइटच्या वर गेली की टोस्ट जागं होतं. आधी मोठी मूल्यं आवळून बघतं. तरीही ओळ मावली नाही तर त्यांचे सुमारे दोन-दोन हजार बाइटांचे तुकडे करून बाजूच्या तक्त्यात ठेवतं. ही सोय २००१ सालच्या ७.१ आवृत्तीपासूनची. एलझेडफोर आलं २०२१ मध्ये, आवृत्ती १४ बरोबर.

दोन्ही पद्धतींचं मूळ लेम्पेल आणि झिव यांच्या १९७७ च्या कल्पनेत आहे. आधी येऊन गेलेला मजकूर पुन्हा आला की तो लिहायचा नाही. 'इतके बाइट मागे जा, इतके उचल' एवढी खूण ठेवायची. नाटकाची संहिता म्हणजे यासाठी आयतं खाद्य. प्रत्येक संवादाआधी पात्राचं नाव आणि कंसात तेच ते 'आत जातो', 'बाहेर येतो'.

देवनागरीची एक गंमत सांगायलाच हवी. यूटीएफ-८ मध्ये तिचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. 'गोवा' लिहिताना ग, ओकार, व आणि काना अशी चार चिन्हं लागतात, म्हणजे १२ बाइट. रोमन मजकुराला २ किलोबाइटचा उंबरठा गाठायला दोन हजार अक्षरं लागतात, आपला मजकूर सातशे चिन्हांतच तो ओलांडतो. शिवाय प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट तोच आणि दुसरा फक्त दोनांपैकी एक. कोणता बाइट किती वेळा येतो हे पाहून त्याला छोटा संकेत देणारी पद्धत इथे चांगला फायदा उठवेल. पीजीएलझेड आणि एलझेडफोर दोघंही ते करत नाहीत. झेडस्टँडर्ड ही आणखी एक पद्धत ते करते, पण आवृत्ती १७ पर्यंत तरी रकान्यासाठी ते मिळत नाही. बॅकअपला मात्र वापरा. पीजी_डंप या बॅकअपच्या साधनात आवृत्ती १६ पासून ते आहे.

जागा किती वाचेल, ते माझ्या अंदाजावर ठरवू नका. तुमचेच शंभर अंक दोन वेगळ्या तक्त्यांत घाला, एकाला पीजीएलझेड आणि दुसऱ्याला एलझेडफोर लावून. ऑक्टेट_लेंग्थ हे फंक्शन मूळ आकार सांगतं, पीजी_कॉलम_साइझ आवळलेला.

रकान्यावर सेट कॉम्प्रेशन एलझेडफोर ही आज्ञा दिली, एरर आली नाही, पण काहीच बदललं नाही. मग अख्खा तक्ता नव्याने लिहिणारं व्हॅक्यूम फुलही चालवलं. तरी तेच. (म्हापसा)

ही आज्ञा फक्त यापुढे येणाऱ्या मूल्यांना लागू होते. जुनी आहेत तशीच पडून राहतात, आणि व्हॅक्यूम फुल ती पुन्हा आवळत नाही, नुसती उचलून दुसरीकडे ठेवतं. एका तक्त्यातून दुसऱ्यात इन्सर्ट-सिलेक्ट केलं तरी आवळलेलं मूल्य जुन्याच रूपात जाऊ शकतं. कुठल्या ओळीवर काय लागलंय ते पीजी_कॉलम_कॉम्प्रेशन दाखवेल.

जुनी बदलायचीच असतील तर मूल्य खरोखर नव्याने तयार व्हायला हवं. मजकुराच्या रकान्यात रिकामी स्ट्रिंग जोडून अपडेट करणं हा सोपा मार्ग. पाच-दहा हजार ओळींच्या टप्प्यांत करा, मध्ये साधं व्हॅक्यूम द्या, नाहीतर अपडेटने मागे सोडलेल्या जुन्या, मेलेल्या ओळींनीच डिस्क भरेल.

काजूच्या बागेत ओलाव्याचे सेन्सर बसवलेत. प्रत्येक नोंद ४०० बाइटची जेसनबी (नाव-मूल्य जोड्यांचा प्रकार), अशा कोट्यवधी. एलझेडफोरने फरक पडेल का? (सत्तरी)

नाही. टोस्ट एका वेळी एकच ओळ बघतं, आणि तुमची ओळ उंबरठ्याजवळही पोचत नाही. मी स्वतः यात एक अख्खी संध्याकाळ घालवलीय: दोन सर्व्हरवर सेटिंग बदललं, आकडे जसेच्या तसे, आणि चूक कळली ती ओळीची सरासरी लांबी मोजल्यावर.

तुमच्या नोंदींत प्रत्येक वेळी तीच किल्ल्यांची नावं आहेत. त्यांचे सरळ रकाने करा, बरंच ओझं तिथेच उतरेल. जुने महिने सहसा कुणी बघत नसेल तर एका सेन्सरचा दिवसभराचा डेटा एका ओळीत अ‍ॅरे म्हणून गोळा करा. मग ती ओळ मोठी होते आणि आवळण्याला अर्थ येतो. चालू दिवसासाठी हे करू नका. अशा अ‍ॅरेत एक आकडा घालायला पोस्टग्रेस पूर्ण मूल्य उलगडून, नव्याने आवळून पुन्हा लिहितं.

क्ष-किरणांचे जेपेग बायटी या कच्च्या बाइटांच्या रकान्यात ठेवतो. कोणती पद्धत? (पणजी)

कोणतीच नको. जेपेग आधीच आवळलेलं असतं. वाळवलेली सुंगटं पुन्हा उन्हात घालून हलकी होत नाहीत. रकान्याचं स्टोरेज एक्स्टर्नल करा, म्हणजे मूल्य न आवळताच बाजूच्या तक्त्यात जाईल. त्याने फार मोठा फरक पडेल असं नाही, कारण पीजीएलझेडला पहिल्या १ किलोबाइटात पुनरावृत्ती सापडली नाही की ते तसंही नाद सोडतं. पण मूल्याचा मधला तुकडा वाचायचा असेल तर एक्स्टर्नलमध्ये तेवढेच तुकडे उचलता येतात, सुरुवातीपासून उलगडत बसावं लागत नाही. मला विचाराल तर फायली डेटाबेसबाहेर आणि आत नुसता पत्ता.

रुग्णांच्या लांब टिपणी पीजीक्रिप्टो या जोडणीने कुलूपबंद (एन्क्रिप्ट) केल्यापासून तक्ता फुगलाय. (साखळी)

कुलूपबंद बाइटांत पुनरावृत्ती उरतच नाही, मग टोस्टने आवळायचं काय? आवळणं कुलूप लावण्याआधी व्हायला हवं. कुलूप लावणाऱ्या पीजीपी_सिम_एन्क्रिप्ट फंक्शनला कॉम्प्रेस-अल्गो हा पर्याय देता येतो. तो मुळात ० असतो, म्हणजे बंद. १ दिलात तर झिप, २ दिलात तर झेडलिब. जुन्या टिपणी मात्र उघडून पुन्हा बंद कराव्या लागतील.